टोपी आणि पिना

मनुष्य वस्त्रें कशाकरितां वापरतो, असें कोणीं विचारलें तर थंडी, ऊन आणि लज्जा यांच्या निवारणाकरितां, असें उत्तर आपण सहज देऊन टाकतों. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. वस्त्र बोलतें. वकिलाचा काळा कोट, परिचारिकेचा पांढरा पोशाख, नवरीचा शालू, यांतील प्रत्येक वस्तु तोंड न उघडतां पुष्कळ कांहीं सांगून जाते. आणि कधीं कधीं तर वस्त्र उलट उत्तरहि करितें. अशा उलट उत्तर करणाऱ्या वस्त्राविषयीं यंदाच्या अंकांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. त्यास निमित्त झाली ती आमच्याच हातून घडलेली एक चूक. शिक्षकानें शाळेच्या वार्षिकांत आपल्या चुकीची कथा सांगावी हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल; परंतु विद्यार्थ्यांनीं आपल्या चुका आमच्यापुढें कबूल कराव्या अशी अपेक्षा आम्ही वर्षभर बाळगतों, तेव्हां एखादे वेळीं आमचीहि पाळी यावी हें न्यायाचेंच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही धुळ्यास दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत होतों. डिसेंबर महिना होता व स्नेहसंमेलनाची संध्याकाळ होती. त्या दिवशीं मुलांस गणवेशाची सूट असते. कोणी नवा सदरा घालून आला होता, कोणी मोठ्या भावाचा कोट चढविला होता, आणि सर्वत्र अत्तराचा घमघमाट सुटला होता. दारापाशीं उभें राहून शिस्त राखण्याचें काम आमच्याकडे होतें. इतक्यांत नववींतील एक मुलगा आंत आला. अंगांत काळें जाकीट. त्याची डावी बाही खांद्यापासून कोंपरापर्यंत फाटलेली, आणि त्या फाटलेल्या जागीं एकीखालीं एक अशा सेफ्टी पिनांची रांगच रांग. केंस साबण लावून ताठ केलेले व कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे.

पाहुणे येण्याची वेळ झाली होती. आम्हीं मोठ्यानें विचारलें, "हें काय सोंग आणलें आहेस?" विचारलें म्हणतों खरें, परंतु उत्तरासाठीं आम्ही थांबलों नाहीं. त्याची बाही धरून आम्हीं त्या पिना एकामागून एक काढल्या व आपल्या खिशांत टाकल्या. मग त्यास नळापाशीं नेऊन केंस ओले करावयास लाविलें. तो मुकाट्यानें सर्व करीत होता. पिना गेल्यामुळें बाही लोंबूं लागली होती आणि तो तिच्याकडे पाहत होता. भोंवतालचीं मुलें हंसलीं. त्यांतील कोणीतरी "फाटक्या!" अशी हांक मारली. ती हांक आमच्या कानांवर आली; तिचा अर्थ मात्र त्या वेळीं आमच्या ध्यानांत आला नाहीं. रात्रीं घरीं गेल्यावर खिसा रिकामा केला तेव्हां सतरा पिना निघाल्या.

तो मुलगा पुढें तीन दिवस शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं त्याची आई आली. ती बाई लोकांचे कपडे शिवून संसार चालवीत असे. आम्हीं तिला जरा घुश्शांतच विचारलें, "बाई, तुमच्या घरीं शिवणयंत्र असून मुलास असें फाटकें जाकीट घालून कां पाठवितां?" ती म्हणाली, "सर, मी कालपरवाचं नाही, वर्षभर मागं लागले आहे. तो शिवू देत नाही."

मग तिनें सगळी हकीकत सांगितली. जाकीट मुलाच्या वडिलांचें होतें. ते सुरतेस मागावर कामाला होते व दोन वर्षांपूर्वीं तिकडेच वारले. घरीं आलें तें त्यांच्या सामानाचें एक गाठोडें. त्यांत हें जाकीट होतें. मागच्या हिवाळ्यांत मुलगा तें गणवेशावर घालून शाळेंत जाऊं लागला. बाही तेव्हांच फाटलेली होती; आईनें ती दोनदां शिवली, परंतु कापड जुनें, शिवण धरीना. वर्गांतील मुलांनीं त्याचें नांवच 'फाटक्या' असें ठेवलें. पुढें त्यानें विलायतेंतील कांहीं गाण्याबजावण्याच्या मंडळींचीं चित्रें कोठेंतरी पाहिलीं. ते लोक फाटके कपडे घालून त्यांवर पिना लावतात असें त्यास कळलें. त्या दिवशीं तो आईला म्हणाला, "फाटकं तर फाटकं. आता मी लपवणार नाही, सगळ्यांना दाखवूनच घालणार."

तें वाक्य ऐकून आम्ही निरुत्तर झालों. आम्हीं त्याच्या बाहीवरून पिना काढल्या नव्हत्या. त्यानें मोठ्या कष्टानें गोळा केलेलें धैर्य काढून घेतलें होतें.

'पंक' हा शब्द तोंवर आम्हांस केवळ ऐकून ठाऊक होता. आपण ज्यास शिक्षा केली तें काय आहे, हें निदान मागाहून तरी समजून घ्यावें म्हणून आम्हीं त्याविषयीं वाचावयास घेतलें. हा शब्द मूळचा एक अपशब्द. टाकाऊ, उनाड, कवडीमोलाचा, असा त्याचा भाव. १९७५ ते १९७७ या काळांत लंडनमधील कांहीं तरुणांनीं तोच आपल्या अंगीं लावून घेतला. ब्रिटनमध्यें तेव्हां बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती, आणि शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांस पुढें कांहीं दिसत नव्हतें. किंग्ज रोड नांवाच्या रस्त्यावर ४३० क्रमांकाचें एक दुकान होतें. तें व्हिव्हियन वेस्टवुड ही शिवणकाम जाणणारी बाई व तिचा सोबती माल्कम मॅक्लॅरेन हीं दोघें चालवीत. त्यांच्या आश्रयानें 'सेक्स पिस्टल्स' नांवाचें गाणाऱ्या तरुणांचें एक टोळकें प्रसिद्धीस आलें. न्यूयॉर्कमधील कांहीं गाणारे त्यापूर्वींच फाटके सदरे घालून व केंस उभे करून वावरूं लागले होते. मॅक्लॅरेननें तें पाहिलें होतें. लंडनच्या मुलांनीं तेंच आणखी पुढें नेलें. फाटलेलें कापड त्यांनीं शिवलें नाहीं, सेफ्टी पिनेनें जोडलें. ही पिन वॉल्टर हंट नांवाच्या अमेरिकन माणसानें शोधून काढली, १८४९ सालीं तिचें पेटंट घेतलें आणि तें अवघ्या चारशें डॉलरांस विकून टाकलें. बाळाचें दुपटें, साडीचा पदर, सदऱ्याचें तुटलेलें बटण, अशा ठिकाणीं लपून राहण्यांत जिचें जन्म गेलें, ती क्षुद्र वस्तु ह्या मुलांनीं उघड्यावर आणली. १९७७ च्या जून महिन्यांत राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव सर्व देश साजरा करीत होता, तेव्हां राणीच्या चित्राच्या ओठांत पिन अडकविलेलीं भित्तिपत्रकें ह्या मंडळींनीं काढलीं.

त्यांचें सगळेंच वागणें आम्हांस मान्य आहे असें कोणीं समजूं नये. त्यांच्या शिवीगाळीचें, दारूचें व अमली पदार्थांचें समर्थन कोणताहि शहाणा मनुष्य करणार नाहीं. शिवाय त्यांपैकीं कांहींनीं केवळ वडीलधाऱ्यांस चिडवावें म्हणून जर्मनीच्या नाझी पक्षाचें चिन्हहि अंगावर मिरविलें. ज्या चिन्हाखालीं साठ लाख ज्यू माणसें मारलीं गेलीं, तें गंमत म्हणून छातीवर लावणें हें बंड नव्हे. तो दुसऱ्याच्या दुःखाशीं केलेला पोरखेळ होय. परंतु ह्या साऱ्यांतून एक गोष्ट निवडून घेण्यासारखी उरते. ज्या फाटकेपणाबद्दल लोक आपणांस हंसतात, तो लपविण्याऐवजीं ताठ मानेनें मिरवावा, म्हणजे हंसणाराच्या हातांतील शस्त्र बोथट होतें. आमच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट कोणीं शिकविली नव्हती. ती त्याच्या दुःखानेंच त्यास शिकविली होती.

मग आमच्या मनांत आलें, हें तत्त्व समजून घेण्यास लंडनपर्यंत जाण्याची खरोखर गरज होती काय?

१८८८ सालीं पुण्यास व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. निमंत्रितांत महात्मा जोतीराव फुले हेहि होते. शालजोड्या, रेशीम आणि जवाहीर यांनीं दिवाणखाना झगमगत असतां जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या फाटक्यातुटक्या वेषांत तेथें गेले. त्यांच्या भाषणाचा मथितार्थ असा सांगतात कीं, येथें जमलेली दागदागिन्यांची मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, राणीची खरी रयत माझ्यासारखे कपडे घालिते. राजपुत्रासमोर फाटकें पागोटें घालणारा तो पुरुष लंडनच्या त्या पोरांहून जवळजवळ नव्वद वर्षांनीं वडील होता. आणि त्याच्या वेषामागें शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा आयुष्यभर केलेला अभ्यास होता.

पुढें हेंच उत्तर सबंध देशानें कापडाच्या रूपानें दिलें. १९०५ सालीं वंगभंगाच्या वेळीं पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. तींत पुढाकार घेणारे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांस दहा रुपये दंड होऊन कॉलेजचें वसतिगृह सोडावें लागलें. १९२१ च्या सप्टेंबरमध्यें गांधीजींनीं मदुरा येथें सदरा व टोपी सोडून केवळ पंचा नेसण्यास आरंभ केला, कारण देशांतील गरिबास त्याहून अधिक वस्त्र मिळत नव्हतें. तोंपर्यंत खादी म्हणजे ज्यास दुसरें कांहीं परवडत नाहीं त्याचें जाडेंभरडें कापड. तें जाडेंभरडें कापडच अभिमानाचें झालें. १९३० सालीं मद्रास इलाख्यांतील गुंटूर जिल्ह्यांत पांढऱ्या खादीची टोपी घालण्यास सरकारी अधिकाऱ्यानें बंदी केली. वीतभर कापडाची ती टोपी; परंतु एवढ्या मोठ्या साम्राज्यास ती डोक्यावर सहन होईना.

आपल्या खानदेशास तर हें सांगावयास नको. हा कापसाचा मुलूख. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. १९३० सालीं ती नोकरी सोडून ते सत्याग्रहांत गेले व धुळ्याच्या तुरुंगांत राहिले. १९३६ च्या डिसेंबरमध्यें यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. तेथील नगर नंदलाल बोस या थोर चित्रकारांच्या कल्पनेनें सजविण्यांत आलें, आणि त्यासाठीं त्यांनीं वापरले ते खेड्यांतीलच बांबू, चटया आणि गवत. ज्यास शहरांतील मनुष्य दारिद्र्य म्हणतो, त्याचीच त्यांनीं शोभा करून दाखविली.

आमच्या आजोबांचें आजोळ फैजपुराजवळ होतें व त्या अधिवेशनाच्या गर्दींत दहा वर्षांच्या वयानें तेहि होते. १९४२ सालीं ते जळगांवास एका हायस्कुलांत शिकत असत. त्यांचे वडील तलाठी, म्हणजे सरकारचे नोकर. ऑगस्ट महिन्यांत चळवळ पेटली तेव्हां आजोबा एके दिवशीं पांढरी टोपी घालून वर्गांत जाऊन बसले. मास्तरांनीं छडीच्या टोंकानें ती उचलली व टेबलाखालीं टाकली. दुसऱ्या दिवशीं आजोबा दुसरी टोपी घालून गेले. त्या दिवशीं छडीचें टोंक टोपीस न लागतां हातांवर लागलें. तिसऱ्या दिवसापर्यंत ही वार्ता घरीं पोंचली. वडिलांनीं टोपी हिसकावून धान्याच्या कणगींत पुरून ठेवली. त्यांस नोकरीची भीति होती, आणि घरांत खाणारीं माणसें नऊ होतीं. तेव्हां त्यांस भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु आजोबा म्हणत, "मास्तरांनी मारलं, वडिलांनी हिसकावलं, पण कशासाठी घातलीस, हे कोणी म्हणून विचारलं नाही."

त्यानंतर ९ सप्टेंबरचा दिवस आला. नंदुरबारास मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला व शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती ठार झाले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. ही बातमी आमच्या घरीं आली त्या रात्रीं आजोबांचे वडील जेवले नाहींत. ते बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. मग त्यांनीं मुलास जवळ बोलाविलें व पहिल्यानेंच विचारलें, "तुला ती टोपी कशासाठीं हवी?" आजोबांनीं काय उत्तर दिलें तें त्यांस पुढें नीटसें आठवत नसे. प्रश्न मात्र अखेरपर्यंत आठवत होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं टोपी कणगींतून निघून खुंटीवर लागलेली होती. वडील त्यावर एक शब्दहि बोलले नाहींत.

वाचकांस वाटेल कीं असा मनुष्य पुढें आपल्या मुलांच्या पोशाखाविषयीं फार उदार झाला असेल. तसें मुळींच झालें नाहीं! १९७५ च्या सुमारास आमचे वडील जळगांवास कॉलेजांत गेले आणि सुटीस परत आले ते घोळदार बेलबॉटम व कानांवर आलेले केंस घेऊन. आजोबांनीं तत्काळ न्हाव्यास निरोप धाडला. न्हावी ओट्यावर येऊन बसला, वडील माडीवर जाऊन बसले, आणि घरांत मोठा तंटा माजला. तो आजीनें एका वाक्यांत मिटविला. ती चुलीपुढून उठलीहि नाहीं, तेथूनच म्हणाली, "तुम्हनी टोपी इसरी गयात का?" आजोबा चपापले. मग हंसूं लागले. न्हाव्यास चहा पाजून परत पाठविण्यांत आलें.

ही गोष्ट आमच्या घरीं शंभर वेळां सांगितली गेली असेल व शंभर वेळां आम्ही तीस हंसलों असूं. आणि तरीहि त्या डिसेंबरच्या संध्याकाळीं आम्हीं छडीच्या टोंकाचें काम आपल्या बोटांनीं केलें. मनुष्य आपल्या घरची गोष्टहि किती लौकर विसरतो!

असें करणारे आम्ही एकटेच नाहीं, यांत समाधान मानण्यासारखें कांहीं नाहीं. इंडोनेशियांतील आचे प्रांतांत २०११ च्या डिसेंबरमध्यें एका संगीताच्या कार्यक्रमास जमलेल्या साठांहून अधिक पंक तरुणांस पोलिसांनीं पकडलें, मुलांचीं डोकीं भादरलीं, शुद्धीकरण म्हणून त्यांस पाण्यांत उतरविलें आणि दहा दिवस शिस्तीचे धडे दिले. ती बातमी वाचतांना आम्हांस आमचा नळ आठवला. पाणी थोडें होतें, एवढाच काय तो फरक.

येथें एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. फाटकें घालणें म्हणजेच स्वाभिमान, असा अर्थ कोणीं काढूं नये. १९२७ च्या डिसेंबरमध्यें महाड येथील परिषदेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांस उपदेश केला कीं, लुगडें नेसण्याची जी तऱ्हा आणि जे जड, ओबडधोबड दागिने पाहून लोक तुमची जात ओळखतात, तीं दोन्ही टाकून द्या आणि स्वच्छ, नीटनेटक्या राहा. बाबासाहेब स्वतः नेहमीं उत्तम शिवलेला सूट घालीत. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या फाटकें वस्त्र लादलें गेलें, त्यांनीं धड वस्त्र घालणें हेंच बंड होतें. जोतीरावांनीं दिवाणखान्यांत फाटकें पागोटें नेलें व बाबासाहेबांनीं सभेंत कडक इस्त्रीचा कोट नेला. दोन्ही कृत्यांचें मर्म एकच. माझ्या अंगावर काय असावें व त्याचा अर्थ काय, हें मला कमी लेखणारानें ठरवावयाचें नाहीं, तें मी ठरवीन. हें मर्म ज्यांत आहे त्या वस्त्रास आम्ही मान देऊं, मग तें फाटकें असो वा धड असो.

परंतु बंडाच्या वस्त्राचीहि एक शोकांतिका आहे. तें फार दिवस बंडाचें राहत नाहीं. ज्या वेस्टवुडबाईंनीं राणीच्या महोत्सवाची चेष्टा केली, त्यांस १९९२ सालीं त्याच राणीच्या हस्ते सन्मान मिळाला. २०२२ सालीं त्या वारल्या तेव्हां जगांतील मोठमोठ्या शिंप्यांनीं त्यांस गुरु म्हणून वंदन केलें. २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या भव्य संग्रहालयांत पंक वेषांचें प्रदर्शन भरलें, आणि फाटके कपडे कांचेंत बंद झाले. आज आपल्या जळगांवच्या किंवा धुळ्याच्या बाजारांतहि गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पाटलोण धड पाटलोणीहून महाग मिळते. पांढऱ्या टोपीचेंहि तेंच झालें. जी घातल्यानें छडी खावी लागे, ती पुढें घातल्यानें सभेंत पुढची खुर्ची मिळूं लागली. तेव्हां वस्त्र तेंच राहिलें तरी त्याचें बोलणें बदलतें. तें ओळखण्याची खूण आमच्या मतें एकच आहे. तें घालणारास कांहीं किंमत द्यावी लागते काय? येथें दुकानांतील किंमत आम्हांस अभिप्रेत नाहीं. आजोबांनीं किंमत दिली, त्या मुलानेंहि दिली. फाडलेली पाटलोण विकत घेणारानें मात्र पैसे दिले, किंमत दिली नाहीं.

आतां त्या मुलाची गोष्ट पुरी करितों. ज्यांच्यासमोर आम्हीं त्याचा अपमान केला होता, त्यांच्यासमोरच तो भरून काढणें प्राप्त होतें. एकट्यास खोलींत बोलावून पाठीवर हात फिरविणें सोपें होतें, व खरें सांगावयाचें तर तो मोह आम्हांस झालाहि. परंतु मुलगा परत आला त्या दिवशीं आम्ही आजोबांची टोपी घेऊन वर्गांत गेलों, आणि तिची हकीकत सर्वांस सांगितली. मग म्हटलें, "स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आम्हीं एका मुलाच्या बाहीवरील पिना न विचारतां काढून घेतल्या. त्या कशासाठीं लावल्या आहेत, हें आधीं विचारावयास पाहिजे होतें. ती आमची चूक झाली." काड्यापेटींत घालून आणलेल्या सतरा पिना आम्हीं त्याच्या बाकावर ठेवल्या. वडिलांविषयीं किंवा जाकिटाविषयीं आम्हीं कांहीं बोललों नाहीं. तें सांगणें न सांगणें त्याच्याकडे होतें.

वर्ग शांत होता. मुलगा उठला नाहीं कीं रडला नाहीं. त्यानें पिना मोजल्या. टोपी बाकाबाकांवरून फिरत त्याच्यापर्यंत आली तेव्हां त्यानें ती उलटीसुलटी करून पाहिली. शिंप्याचाच मुलगा तो! म्हणाला, "सर, इथली शिवण उसवलीय." आणि काड्यापेटींतील एक पिन घेऊन त्यानें ती जागा जोडली. टोपणनांव त्या दिवसापासून बंद झालें असें सांगितलें तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाहीं. तें हळूहळू कमी झालें. जाकीट मात्र त्यानें तो हिवाळा संपेपर्यंत घातलें. शाळेच्या वेळांत गणवेशावर, पिनांवांचून, आणि शाळा सुटली कीं फाटकापाशीं उभें राहून सोळाच्या सोळा पिना लावून. आम्हीं तेथून जातांना पाहत असूं. गणवेशाचा नियम त्यानें मोडला नाहीं व आम्हींहि तो सैल केला नाहीं. कारण गणवेश मूळ निघाला तोच कोणाचा फाटका सदरा कोणास दिसूं नये म्हणून, असें आम्ही मानतों. मात्र ज्या वर्गांत गणवेशाखालचा माणूस दिसत नाहीं, तेथें तोहि निरुपयोगी होय.

बालमित्रहो, तुम्हांस कधीं वेगळें कांहीं घालावेसें वाटलें तर त्यापूर्वीं स्वतःस इतकें विचारा : हें काय बोलतें, कोणास बोलतें, आणि त्याचा जाब कोणीं विचारल्यास मला तो देतां येईल काय? उत्तर आलें तर भिऊं नका. उत्तर न आलें तर तो केवळ दुसऱ्याच्या बंडाचा उसना सदरा आहे, तो परत करा. आणि वर्गांतील कोणाचा फाटका सदरा पाहून तुम्हांस हंसूं आलें, तर तें गिळा; पिना कोठून उगवतात तें आम्हीं तुम्हांस सांगितलें आहे.

आणि पालकहो, आपणांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या डोक्यावरचें कांहीं काढून घेण्यापूर्वीं तें कशासाठीं घातलें, हें त्यास एकदां विचारा. विचारून मग नको म्हणण्याचा आपला अधिकार कोणी हिरावून घेत नाहीं. आमच्या पणजोबांस तो प्रश्न सुचण्यास नंदुरबारची बातमी यावी लागली, व आम्हांस सतरा पिना काढाव्या लागल्या. आपणांवर तशी पाळी न येवो.

टोपी अद्याप आमच्या कपाटांत आहे. तिची ती शिवण आम्हीं पुन्हां घातली नाहीं. पिन तशीच ठेवली आहे.